तिसऱ्या चॅनलखालचा स्विच

माझ्या मिक्सरच्या तिसऱ्या चॅनलखाली, बसल्या जागेवरून डाव्या हाताला सहज लागेल असा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक स्विच होता. तो मीच बसवला होता. पंचवीसेक वर्षं त्याच्याबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आसपासच्या स्टुडिओवाल्यांना नाही, आणि ज्या बाईचं गाणं त्या स्विचमुळे बंद पडलं तिला तर नाहीच. संपादकांनी मागितलेला लेख वेगळा होता. 'जुन्या पद्धतीच्या मशीनवर स्वच्छ आवाज कसा काढता, जुन्या रेकॉर्डसारखा कसा काढता, ते आमच्या वाचकांना कळेल असं लिहा,' म्हणाले. तेच लिहितो आहे. पण खरं लिहायचं तर स्विच मध्ये येतोच.

चिखलीत बियाण्याच्या एका दुकानावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटलं की आमच्याकडे लोक आधी फोटो काढायला येतात. सुरुवातीच्या वर्षात दर आठवड्याला कुणीतरी जिना चढून, दम घेऊन विचारायचं, "पासपोर्टचे फोटो कवा भेटतील?" मी म्हणायचो, "इथे आवाजाचा फोटो निघतो." ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून खाली उतरायचे.

मिक्सर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं मशीन, बारा चॅनलचं. मुंबईतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा ट्रकमधून आणलं. जिन्यावरून वर न्यायला चार हमाल लागले. त्यातल्या एकानं वर पोचल्यावर विचारलं, "साहेब, याच्यात पीठ कुठून पडते?" आईनं मिक्सरवर हळदीकुंकू वाहिलं, त्यातलं थोडं कुंकू सातव्या चॅनलच्या फटीत गेलं, ते अजून आहे. तो चॅनल अजून थोडा करकरतो. मी दुरुस्त केलेला नाही.

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. चॅनल म्हणजे एका माइकची वाट. त्या वाटेच्या तोंडाशी वर एक गोल बटण असतं, त्याला गेन म्हणतात. खाली सरकणारी पट्टी असते, तो फेडर. लोकांना वाटतं दोन्ही आवाज लहानमोठा करायला. तसं नाही. आवाज आत किती घ्यायचा ते गेन ठरवतो, बाहेर किती सोडायचा ते फेडर. आमचा सगळा धंदा या दोघांच्या मधल्या जागेत चालतो.

स्वच्छ आवाज हवा असेल तर गेन बेतानं ठेवायचा. गाणारा सगळ्यात जोरात जे गाणार ते आधी गाऊन घ्यायचं, आणि त्याच्याही वर थोडी जागा मोकळी सोडायची, दूध तापवताना पातेल्याच्या काठापाशी सोडतो तशी. जुना आवाज हवा असेल तर उलटं. गेन वाढवून आवाज आत कोंबायचा आणि फेडर खाली ओढून बाहेर मात्र जेवढ्यास तेवढा सोडायचा. त्या दाटीत आवाजाच्या टोकदार कडा घासल्या जातात, किंचित खर, म्हणजे खरखरीतपणा, मिसळते, आणि कानाला वाटतं हे फार वर्षांपूर्वीचं आहे. जुनेपणा म्हणजे खरं पाहता एक लहानसा बिघाड. बेताचा असला की गोड लागतो.

यात एक गोष्ट शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो. स्वच्छ घेतलेला आवाज पुढं हवा तेवढा जुना करता येतो. जुना करून घेतलेला आवाज स्वच्छ होत नाही.

पोटापाण्याचं काम मात्र या दोन्हीत बसायचं नाही. ते जीपवरच्या भोंग्याचं. बियाणं, बैलांचा बाजार, साड्यांचा सेल, निवडणूक. भोंग्यातून खर्ज निघतच नाही, म्हणून सगळा खर्ज कापून आवाज पत्र्यासारखा करायचा. एका उमेदवाराला स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर स्वतःचं भाषण ऐकायला हवं होतं. ऐकून म्हणाले, "हा तं कोंबडा आरवून राह्यला!" मी म्हटलं, "साहेब, जीपवर ऐका, वाघ वाटेल." दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. निवडून आले नाहीत ते.

गफूरचाचा आले ते गाद्या भरायला. पिंपळगाव राजाचे, कापूस पिंजायचा पिढीजात धंदा. स्टुडिओच्या भिंतींना आतून कापसाचे जाड थर द्यायचे होते, म्हणजे खोलीत आवाज घुमत नाही. चिखलीत कापसाला तोटा नव्हता. आठ दिवस चाचा भिंती शिवत होते आणि शिवताना गात होते. शेवटच्या दिवशी सुई टोपीला खोचून म्हणाले, "भाऊ, भिंती झाल्या. आता मले एक कव्वाली भरून द्या. माह्या अब्बाच्या तव्यावर, जुन्या रेकॉर्डवर, होता ना, तसा आवाज पाहिजे."

मी उत्साहानं घेतली. अगदी स्वच्छ. चाचांनी डोळे मिटून ऐकली, उघडले, आणि म्हणाले, "लय साफ हाय भाऊ. दवाखान्यात गाऊन राह्यलो असं वाटते."

"मग कशी पाहिजे?"

"अब्बाच्या तव्यात कसं, चुलीवरच्या रोटीसारखं. कुठं कुठं काळं लागलेलं."

मी गेन वाढवून पाहिला. माझ्या मशीनवर त्यानं खर येण्याआधी घरघर यायची. तीन दिवस खटपट करून शेवटी मी तिसरा चॅनल उघडला आणि जुन्या रेडिओतले दोन बारके डायोड गेनच्या पुढे जोडले. त्यांचं काम एवढंच, की आवाज एका उंचीच्या वर जायला लागला की त्याचं डोकं सपाट करायचं. लहान आवाज खालून सुखरूप निघून जातो. मोठा आवाज घासला जातो, आणि तिथं ती खर येते. हवं तेव्हा जोडायला, नको तेव्हा तोडायला खाली स्विच दिला. वर दिला असता तर कुणी विचारलं असतं. मला ते नको होतं. 'चिखलीचा आवाज' म्हणून नाव व्हावं आणि कसा काढतो ते कुणाला कळू नये, अशी माझी तेव्हाची हाव.

चाचांनी स्विच लावून घेतलेली पहिली ओळ ऐकली आणि मांडीवर थाप मारून ओरडले, "हां! आली रोटी!"

त्या कॅसेटनं माझं नाव केलं, हे खरं आहे. खामगाव, मलकापूरहून गाणारे यायला लागले. मी सगळ्यांना सांगायचो, मशीन जुनं आहे, त्याचा गुण आहे.

चाचांचं ते रेकॉर्डिंग दोन दिवस चाललं. पहिल्या दिवशी दुपारी ते गेले आणि त्यानंतर अमडापूरचं भीमगीतांचं मंडळ यायचं होतं. ते ठरल्या वेळेच्या आधीच जीपनं येऊन जिन्यात उभं. सोनोने गुरुजी हे मंडळाचे प्रमुख, शाळेत शिक्षक, गाणी तेच लिहायचे. पेटीवर दादाराव, ढोलकीवर कडूबा, गायला विमलताई आणि त्यांना साथ द्यायला मंगल. जयंतीच्या आधी कॅसेट निघायला हवी होती.

आमच्यात एक रीत आहे. एक गाणारा गेला की दुसरा येण्याआधी मिक्सरवरचं प्रत्येक बटण शून्यावर आणायचं, फेडर खाली. मग नव्या माणसाचा आवाज पहिल्यापासून लावायचा. मी तसंच केलं. जे डोळ्यांना दिसत होतं ते सगळं शून्यावर आणलं.

विमलताईंचं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढं. दिवसा दुसऱ्याच्या शेतात निंदणखुरपण, जयंतीच्या महिन्यात गावोगावी गाणं. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता असं लिहायचा मोह होतो, पण खरी गोष्ट अशी की तो मी त्या दिवशी ऐकलाच नाही. त्या कापसाच्या खोलीत होत्या, मी दुहेरी काचेच्या अलीकडे. माझ्यापर्यंत जे आलं ते तिसऱ्या चॅनलमधून आलं.

धृपद छान गेलं. अंतऱ्यात त्या वर चढल्या आणि आवाज खर्रकन फाटला. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच. मी म्हटलं, "ताई, माइकपासून जरा मागं सरका." त्या सरकल्या. आवाज बारीक झाला म्हणून मी गेन वाढवला. परत तेच. आतल्या चौघांच्या कानांवर हेडफोन होते, त्यांनाही तो फाटलेलाच ऐकू जात होता. पाचव्या खेपेला त्या घाबरल्या आणि घाबरून आणखी जोर लावला.

गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "मशीन तं नाही ना बिघडलं, भाऊ?"

ते मला लागलं. आवाज किती मोठा ते दाखवणाऱ्या मिक्सरवरच्या काट्यावर मी बोट ठेवलं. "बघा गुरुजी. काटा लाल रेषेच्या जवळ तरी गेला का? मशीन खोटं बोलत नाही. ताईंचा गळाच वर फुटतोय."

हे मी बोलण्याचं बटण दाबून बोललो होतो. आतल्या चौघांनी ऐकलं. काटा लाल रेषेकडे जात नव्हता याचं कारण डायोड आवाजाचं डोकं आधीच सपाट करत होते. एवढ्या मोठ्या आवाजाला काटा इतका शांत कसा, हाच प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

विमलताईंनी गळ्याला हात लावला. "पण मले तं काई जाणवत नाई, भाऊ."

"आतून जाणवत नसतं, ताई," मी म्हणालो.

हे वाक्य मी कुठून आणलं कुणास ठाऊक. कोणत्या पुस्तकात नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं.

मग विमलताईच म्हणाल्या, "मंगलले गाऊ द्या. जयंती थांबते का?" आणि पदर सावरून भिंतीशी जाऊन बसल्या. मंगलचा आवाज लहान, खालच्या पट्टीतला. तो डायोडच्या खालून सुखरूप निघाला, जरासा कुठं घासला गेला तेवढ्यानं उलट गोड झाला. गुरुजी ऐकून म्हणाले, "अरे वा!" मी म्हटलं, "बघा. मशीन तेच आहे." ते पण मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूरचाचा उरलेल्या दोन ओळींसाठी आले. उभे राहता राहता म्हणाले, "कालची रोटी लावा भाऊ."

मी खाली हात घातला. स्विच लागलेलाच होता.

चाचा काचेतून बघत होते. "काय झालं? करंट लागला का?"

"नाही. गा तुम्ही," मी म्हणालो.

तेव्हाच एसटी पकडून अमडापूरला गेलो असतो तर तासाभराचं काम होतं. मी नाही गेलो. मनात सांगितलेली कारणं अजून पाठ आहेत. मंडळाची कॅसेट झालीच आहे. मंगलच्या तोंडचा घास कशाला काढायचा. जयंती झाली की सांगू. पण खरं कारण म्हणजे, चूक सांगायची तर स्विच सांगावा लागत होता. आणि काट्यावर बोट ठेवून जे बोललो होतो ते गिळावं लागत होतं. जयंती झाली. मग पावसाळा लागला, मग मला वाटलं आता विचारतील, इतके दिवस कुठं होता.

दोन वर्षांनी अमडापूरच्या बाजारात विमलताई भेटल्या. हातात मिरच्यांची पिशवी. मी तोंड चुकवणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. "भाऊ! बरं झालं तुम्ही वेळेवर सांगतलं. नाई तं स्टेजवर फजिती झाली असती माही. खामगावच्या डॉक्टरले दाखवलं. थो म्हणे गळ्यात काईच नाई. आता डॉक्टरले काय समजते? मशीनले समजलं थे त्याले समजलं नाई." आणि हसल्या. मला बळंच मूठभर मिरच्या दिल्या.

त्यांनी गाणं पूर्ण सोडलं होतं. मंगल मंडळाची मुख्य गायिका झाली, तिनं चांगलं नाव काढलं. तिचा यात काही दोष नाही.

मी स्टुडिओत परत आलो आणि डायोड काढून टाकले. स्विच काढला नाही. नुसताच, कशालाही न जोडलेला, तिथं राहिला. गफूरचाचांना पुढची कव्वाली ऐकवली तेव्हा म्हणाले, "रोटी कच्ची राह्यली भाऊ." मी म्हटलं, मशीन म्हातारं झालं. आणखी एक खोटं.

त्यानंतर मी कामाची एक पद्धत बदलली आणि ती चांगली आहे म्हणून नव्या लोकांना शिकवतो. कोणीही गायला आलं की मी आधी खोलीत जाऊन त्याच्यासमोर उभा राहतो. माइक बंद, मशीन बंद. एक कडवं नुसत्या कानानं ऐकतो. मग काचेच्या अलीकडे येतो. पोरं विचारतात, सर, हे कशाला? मी म्हणतो, सवय आहे. हल्ली मोबाइलवर एक बटण दाबलं की जुना आवाज निघतो, आणि पुन्हा दाबलं की जातो. मला त्या 'जातो' चा हेवा वाटतो.

या उन्हाळ्यात एक शिक्षिका जिना चढून आली. चिखलीतच शाळेवर आहे, तिशीची. नाव प्रज्ञा. म्हणाली, "मी अमडापूरची. विमलताईंची मुलगी. मले गाणं भरायचं नाही, आवाज तपासायचा हाय."

"तपासायचा म्हणजे?"

"शाळेतल्या कार्यक्रमात गायली तं लोकं म्हणे मंडळात गा. आई म्हणे आधी शेषरावभाऊच्या मशीनवर दाखवून घे. थे तोंडावर खरं सांगतात म्हणे."

मी खोलीत तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं गायला सुरुवात केली. अंतऱ्याला ती वर गेली तेव्हा कापसाच्या त्या भिंतींनाही तो आवाज पुरता पिता येईना. तेव्हा मला कळलं, पंचवीस वर्षांपूर्वी या खोलीत विमलताईंचा आवाज नेमका कसा लागला असेल.

टेपवर घेतला, ऐकवला. कुठंही डाग नाही. तिनं पुढं वाकून, अंगठ्याचं नख चावत ऐकलं. "फुटत नाही ना?"

"नाही."

"पण पुढं फुटेल का? आईचा फुटला ना. घराण्यात असते का तसं?"

मी टेप गुंडाळत राहिलो. ती वाट बघत होती. तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ एकच खरं उत्तर होतं आणि ते तिला देण्याआधी दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं. म्हटलं, "रविवारी घरी असता का? ताईंशी काम आहे."

रविवारी अमडापूरला गेलो तेव्हा विमलताई ओसरीत सुपात तूर निवडत होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा. आणि बसायच्या आधीच सांगायला लागलो, कारण चहा घेतला असता तर सांगितलं नसतं. स्विच, डायोड, चाचा, काटा, सगळं. त्या खडे काढत ऐकत होत्या. प्रज्ञा दारात उभी.

"म्हंजे माहा गळा चांगला होता?"

"चांगलाच होता, ताई. मोठा होता म्हणून अडकला. मंगलचा लहान होता म्हणून निघून गेला."

"अन् हे तुमाले कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

त्यांचा हात सुपात थांबला. "दुसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, मुलीकडे बघून, "ऐकलं का वं? दुसऱ्या दिवशी."

"आई, पाणी देऊ का?"

"मले नको. त्याईले दे. घसा कोरडा पडला त्याईचा."

मी म्हटलं, "ताई, एकदा या स्टुडिओत. स्वच्छ घेतो. तुम्ही म्हणाल ते गाणं."

"आता काय घेता? आता खरंच गेला. वापरला नाई तं गंजतेच." हे त्या रागानं नाही बोलल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसला. "मंगलले सांगतलं?"

"नाही."

"गुरुजीले?"

"नाही. आधी तुम्हाला."

"मले काऊन आधी? माहा गळा फुटला हे तुम्ही मले एकटीले सांगतलं होतं का? सगळ्याईसमोर सांगतलं होतं. आता इथी कोण हाय? मी, माही लेक अन् हे तूर."

निघताना चपला घालत विचारलं, "मासिकात लिहितो आहे हे. तुमचं नाव बदलतो."

"काऊन बदलता? तवा बदललं होतं का?"

प्रज्ञा फाटकापर्यंत आली. म्हणाली, "भाऊ, मी मंडळात गाणार हाय. आई हो म्हणे." मग थोडं थांबून, "पण भरायले तुमच्याकडं नाही येणार." मी म्हटलं, बरोबर आहे. बुलडाण्याच्या एका स्टुडिओचा पत्ता दिला. चांगलं काम करतात ते, स्वच्छ.

त्या दिवशी काचेच्या दोन्ही बाजूंना मिळून विमलताईंखेरीज चार माणसं माझं बोलणं ऐकत होती. कडूबा वारले, त्यांना आता सांगता येणार नाही. सोनोने गुरुजी अमडापूरलाच असतात, दादाराव मुलाकडे असतात, मंगल मेहकरला असते. या तिघांना एका जागी बसवून, विमलताईंच्या समोर, मोठ्यानं सांगायचं आहे की त्यांचा गळा फुटला नव्हता, चूक माझी होती आणि मला ती दुसऱ्याच दिवशी कळली होती. हा लेख म्हणजे ते सांगणं नव्हे. एवढं मी देणं लागतो, आणि हे लिहीपर्यंत तरी ते दिलेलं नाही.